"देवाने तुला आईसाठीच नर्स केलं" असं सगळे म्हणतात. तुम्हाला पटतं का?

नगरची_सिस्टर

जय ख्रिस्त आणि नमस्कार. कुठल्या विभागात टाकावं कळेना, म्हणून 'अध्यात्म'मध्ये टाकते.

मी नगरची. नर्सिंग झालंय, एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला रात्रपाळी करते. आयर्लंडला जायचं ठरलं होतं. नुसतं मनातल्या मनात नाही. ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, पास झाले, नोंदणीबद्दल तिथल्या नर्सिंग बोर्डाचं डिसीजन लेटर हातात आलं, बाबांच्या फंडातले पैसे आईने काढून दिले. रविवारच्या उपासनेत मला पुढे बोलावून चर्चच्या मंडळीने प्रार्थनासुद्धा केली. आई पहिल्या बाकावर बसून पदराने डोळे पुसत होती आणि मागच्या बायकांना सांगत होती की तिकडे थंडी फार असते म्हणून.

मग आईला लकवा मारला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली.

आई आमच्या मंडळीत कित्येक वर्षं संडे स्कूलची बाई होती. अर्ध्या वस्तीला तिने वचनं पाठ करून घेतली आहेत, चुकलं की पट्टीसुद्धा दाखवायची. आता तिला माझं नाव घेता येत नाही. पाणी हवं असलं तर "ते... ते..." करते, आणि मला पटकन कळलं नाही की डाव्या हाताने चादर ओढते. पण रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन लावलं की पहिलं कडवं अख्खं म्हणते, शब्दन्‌शब्द, सुरात. बोलणं गेलं तरी गाणं उरू शकतं हे मला माहीत आहे, परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलंय. तरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ओट्याला धरून उभी राहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघ, देव बोलतोय तिच्यातून." मी मनात म्हटलं, मग एकदा माझं नाव घेऊन दाखव म्हणावं.

सकाळी ड्यूटीवरून आले की दिवस सुरू. कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा लाल झाल्या का बघायच्या, पाणी तसंच दिलं तर ठसका लागतो म्हणून त्यात थिकनर (पाणी घट्ट करणारी पावडर) घालून चमच्याने पाजायचं, व्यायाम करून घ्यायचा. मावशी रात्री झोपायला येते म्हणून मी नोकरी करू शकते. दादा पुण्यात आहे. पैसे पाठवतो, त्यात कुचराई नाही. फोनवर म्हणतो, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त. देवानेच सोय केली बघ."

हेच मंडळीतही चालतं. महिला मंडळाच्या प्रार्थनेत एका बाईंनी उभं राहून साक्ष दिली की देवाची योजना किती अद्भुत, या मुलीला त्याने आईसाठीच नर्स केलं. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. माझ्या तोंडून निघालं नाही.

मी विश्वास सोडायला निघालेली नाही, ते आधीच सांगते, म्हणजे नास्तिक मंडळींनी हात धुऊन घेऊ नयेत. पण आईसाठी मला नर्स करणं ही योजना असेल, तर लकवासुद्धा त्या योजनेतलाच का? माझं शिक्षण वाया जाऊ नये म्हणून आईला पाडलं? आणि तसं नसेल, तर या घरात, या खाटेपाशी देवाला माझ्याकडून काय हवंय हे कसं ओळखायचं? ज्यांचं ठरलेलं राहून गेलं त्यांनी सांगा. उपदेश चालेल. फक्त यिर्मया २९:११ नको, ते "माझे संकल्प हिताचे आहेत" वालं वचन. ते रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, सूर्योदयाच्या फोटोसकट.

---

निवृत्त_मास्तर

बाळ, जय ख्रिस्त. नको म्हणालीस तरी मी तेच घेऊन आलोय, पण फोटो काढून आणि वरच्या-खालच्या ओळी लावून. रागावू नकोस. शाळेत भाषा शिकवली, उतारा संदर्भासह द्यायची खोड जात नाही.

ते वचन म्हणजे पत्रातली एक ओळ आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमचा राजा, त्याची आई, दरबारी, सुतार, लोहार अशी कामाची माणसं उचलून बाबेलला नेली. मागे राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पत्र धाडलं. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत देव सगळ्यांना परत आणणार, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू मोडून टाकतो. लोकांना हनन्याच आवडला असणार. कुणालाही आवडेल.

यिर्मयाचं पत्र काय म्हणतं? घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि मुदत सांगतो सत्तर वर्षं. एवढं झाल्यावर अकरावी ओळ येते, माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. पत्र ऐकणाऱ्यांतले जाणते लोक बोटं मोजून समजले असतील की आपण काही परत जात नाही. त्यांना आशा दिली ती त्यांच्या नातवंडांची होती, आणि त्यांना स्वतःला दिलं ते काम: घर बांध, झाड लाव. बाबेल चांगलं आहे असं त्या पत्रात एका शब्दाने म्हटलेलं नाही. ते वचन कपावर छापतात तेव्हा सत्तर वर्षं कपाच्या मागच्या बाजूलासुद्धा छापत नाहीत.

आता तुझा पहिला प्रश्न. लकवा देवाने योजला का? चाळीसेक वर्षं मी मंडळीत वचन सांगतोय, पण हे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोक भावांनी विकलेल्या योसेफाचा दाखला देतात, "तुम्ही माझं वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं योजलं." खरं आहे, बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे. पण ते कोण म्हणतंय बघ. खुद्द योसेफ म्हणतोय, आणि केव्हा? सतराव्या वर्षी त्याला विकला. तिसाव्या वर्षी मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला. पुढे सुकाळाची सात वर्षं, दुष्काळाची दोन, तेव्हा भाऊ समोर आले. हे वाक्य तर बाप वारल्यावरचं, म्हणजे आणखी कितीतरी नंतरचं. खड्ड्यात होता तेव्हा काठावर बसून त्याला कुणी "देवाची योजना आहे रे" म्हणालं नाही. काठावर भाऊच होते आणि ते जेवत होते, सदतिसाव्या अध्यायात आहे.

म्हणून माझं मत असं, की "यात देवाचा हेतू होता" हे ज्याने सोसलं त्यानेच म्हणायचं, आणि त्याला वाटेल तेव्हाच. त्या बाईंनी तुझी साक्ष तुझ्याआधी देऊन टाकली. ती त्यांची नव्हतीच. तू "आमेन" म्हणाली नाहीस ते बरोबर केलंस.

बायबलात सगळं गमावलेला ईयोब आहे, त्याचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांना छान जमलं. बोलायला लागले आणि बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो, ईयोबावर नाही, आणि ईयोब तर वीस-पंचवीस अध्याय भांडत होता.

आईला माझा नमस्कार सांग. समजतं ना त्यांना?

---

खडूस_काकू

मास्तरांनी छान लिहिलंय, पण मला वेगळंच खुपलं. देवाची योजना नेमकी मुलीलाच का सापडते हो घरात बसवायला? भाऊ पुण्यात निर्धास्त आणि वर देवाला क्रेडिट. देवाने सोय केली नाही, तू केलीस, मावशीने केली. आधी ते वाटून घ्या, मग अध्यात्म.

---

इंद्रायणीकाठ

आमचं घर माळकरी, त्यामुळे बायबलवर बोलायचा अधिकार नाही. पण मास्तरांचा मुद्दा वाचला आणि तुकोबाच आठवले. टिळकांचं भजन तुमच्या घरात आहे म्हणजे तुकोबा परके नाहीत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळकच सांगत.

आमच्याकडे तुमच्या अकराव्या ओळीच्या जागी "बरें जालें देवा निघालें दिवाळें" फेकून मारतात. धंदा बुडाला, "बरें जालें". नोकरी गेली, "बरें जालें". माझं दुकान बसलं तेव्हा हा अभंग मला एका सावकाराने ऐकवला होता, व्याज मागायला आला असताना.

पण गाथेत दुसराही एक अभंग आहे, ज्यात तुकोबा आपली हकीकत सांगतात. त्याचं धृपदच संकोचाचं आहे, "नये बोलों परि पाळिलें वचन", बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. मग एकेक. मायबाप गेले. दुष्काळाने पैसा आटवला, मान नेला. एक बायको "अन्न अन्न करितां मेली". दुःखाने त्रासलो, लाज वाटू लागली, धंद्यात तूट. हा १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, ज्यात गावंच्या गावं ओस पडली. या ओळींत कुठेही "देवाने माझ्या भल्यासाठी केलं" नाही. बायको भुकेने मेली, एवढंच आहे. "बरें" वगैरे काही लावलेलं नाही.

त्याच्या पुढची ओळ मला फार महत्त्वाची वाटते. देवाचं देऊळ भंगलेलं होतं, ते करावंसं चित्ताला आलं. बस. साक्षात्कार नाही, आकाशवाणी नाही. समोर पडकं देऊळ होतं आणि ते बांधावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि तेही कबूल करतात की आधी अभ्यासात चित्त नव्हतं, संतांची वचनं पाठ करून मागे उभं राहून धृपद धरलं. सगळी गाथा त्या पडक्या भिंतीनंतरची आहे. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. हेतू शोधू नका, भिंत कुठली पडलीय ते बघा. आईची कूस बदलणं ही भिंत असेल. नसेलही. कदाचित आयर्लंडच असेल.

आणि काकूंना अनुमोदन. आमच्या परंपरेत सगळेच "बरें जालें" म्हणत नाहीत. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा विठोबाला तोंडावर सुनावतो, "जन्म गेला उष्टें खातां, लाज न ये तुमचे चित्ता." माणसांनी लादलेली हीनता त्याने देवाची इच्छा म्हणून गोड मानून घेतली नाही, उलट देवालाच लाज काढली. आणि वारकऱ्यांनी ते अभंग फाडले नाहीत, जपले. तेव्हा तुमची तक्रारसुद्धा भक्तीतच धरतात, निदान आमच्याकडे तरी.

---

दौंड_शटल

दौंडजवळचं केडगाव, रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव, नगरच्या ताईंना फार लांब नाही, म्हणून लिहितो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. नवरा आदल्या वर्षी वारला होता, पदरात लहान मुलगी. कान अधू होत चालले होते म्हणून वैद्यकीचं शिक्षण हुकलं. डॉक्टर झाल्या असत्या तर विधवा-निराधार बायकांसाठीचं शारदा सदन, मुक्ती मिशन, दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली, हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे झालं असतं का? एक दार बंद झालं म्हणून हे सगळं उभं राहिलं. देवाच्या हिशोबात बहिरेपणही उपयोगी पडतं, असं मला वाटतं.

---

खडूस_काकू

रमाबाईंना दंडवत. पण डॉक्टर झाल्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं ते तुम्हाला काय माहीत? आणि ज्या बायकांचं शिक्षण हुकलं आणि पुढे काहीच उभं राहिलं नाही, त्यांच्या गावाला स्टेशनच नाही, म्हणून त्यांची गोष्ट शटलमध्ये कुणी सांगत नाही. या मुलीने आता आईचं करून वर मुक्ती मिशनही काढायचं का, तेव्हा कुठे देवाचा हेतू पास होणार?

---

दौंड_शटल

तसं म्हणायचं नव्हतं. पण मुद्दा मान्य.

---

नगरची_सिस्टर

सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री वॉर्ड शांत होता तेव्हा वाचलं, आणि मास्तरांचं दोनदा.

मास्तर, आईला समजतं. तुमचा नमस्कार सांगितला. योसेफाच्या भावांचं वाचून दाखवलं, काठावर बसून जेवत होते ते, तर तिने डाव्या हाताचं बोट वर केलं. संडे स्कूलमध्ये उत्तर बरोबर आलं की असंच करायची.

इंद्रायणीकाठ, पडक्या भिंतीवरून विचार करत होते. खरं सांगायचं तर आईचं करणं मला जड जात नाही. तेच तर येतं मला. तिला बेडसोअर झालेला नाही, एकही नाही, आणि याचा मला जो अभिमान वाटतो तो आयर्लंडच्या लेटरचासुद्धा वाटला नव्हता. जड जातं ते दुसऱ्यांनी येऊन त्यावर देवाचा शिक्का मारणं. आता त्यांना काय म्हणायचं ते मला कळलंय. काही म्हणायचं नाही, हातात थिकनरचा डबा द्यायचा आणि म्हणायचं, बसा, चार चमचे पाजा.

पण आयर्लंडचं दुःख आहेच हो. ते गेलेलं नाही. ओईटीचा निकाल दोन वर्षंच धरतात. कॅलेंडर बघितलं की पोटात गोळा येतो.

---

डब्लिनची_वहिनी

ताई, मी तिकडची, म्हणजे तू जिथे येणार होतीस तिथली. अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट देऊन रजिस्ट्रेशन मिळालं, आता मेडिकल वॉर्डला आहे. इथे येणं म्हणजे देवाचा आशीर्वाद आणि राहणं म्हणजे शिक्षा असं काही नाही, एवढंच सांगायला लिहितेय. मी निघाले तेव्हा आमच्या गावात सत्यनारायण घातला होता. सगळे म्हणाले, देवाने पोरीचं सोनं केलं. माझे बाबा गेले त्या दिवशी मी लाँग डे करत होते, सकाळी आठ ते रात्री साडेआठ. ब्रेकमध्ये स्टाफरूमच्या मायक्रोवेव्हसमोर उभी राहून फोनवर सगळं बघितलं. बाजूला एकजण सूप गरम करत होती. तेव्हाही कुणीतरी मेसेज टाकला की देवाची इच्छा.

तुझ्या जागी मी असते तर बाबांपाशी असते. माझ्या जागी तू असतीस तर पैसे पाठवून निर्धास्त असल्याचं सोंग आणलं असतंस. म्हणून भावावर थोडी दया कर, पण काकू म्हणतात तसं कामाला लाव नक्की.

निकालाचं म्हणशील तर तो संपला म्हणून इंग्रजी संपत नाही. ओईटी पुन्हा देता येते, इथे कितीतरी जणींनी दिली आहे. डिसीजन लेटरची मुदत मात्र बोर्डाला ईमेल करून विचार. एजंटला विचारू नकोस, तो सगळं नव्यानेच करायला लावेल. आणि प्रॅक्टिसमध्ये खंड पडू देऊ नकोस, आयसीयूची ड्यूटी सोडू नकोस.

---

निवृत्त_मास्तर

डब्लिनच्या मुलीने शेवटच्या परिच्छेदात जे लिहिलंय ते दहा प्रवचनांत आलं नसतं. सिस्टर, ईमेल आजच टाक.

---

नगरची_सिस्टर

ईमेल टाकला. दादालाही फोन केला. म्हटलं, दर महिन्याला एक आठवडा तू इथे, वर्क फ्रॉम होम करतोस ना, लॅपटॉप आईच्या खोलीत ठेव. आधी गप्प झाला. मग म्हणाला, "मला जमेल का? मला तिला हात लावायचीच भीती वाटते, कुठे दुखवलं तर." हे त्याने आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी समजत होते त्याला किळस वाटते.

पुढच्या शनिवारी येतोय. मंडळीतल्या त्या बाईंनाही रविवारी दुपारी बोलावलंय, चमच्यासाठी. येते म्हणाल्या.

काकू, त्याला पहिल्यांदा काय शिकवू? कूस बदलणं की भरवणं?

---

खडूस_काकू

डायपर.